सीटी-गायडेड फुप्फुस बायोप्सी: सुईचा मार्ग आखताना या चुका टाळा

फुप्फुसातल्या गाठीची बायोप्सी, म्हणजे सीटी स्कॅनवर पाहत सुईने तपासणीसाठी तुकडा काढणं, फसली, तर मूळ बहुधा मार्ग आखण्यातच सापडतं.

पहिली चूक, जुन्या स्कॅनवर विसंबण्याची. तो स्कॅन पेशंटला उताणं झोपवून, छातीभर श्वास रोखून काढलेला असतो. आज पालथं झोपवलं की गाठ जागा बदलते आणि खांद्याचा फरा वाटेत येतो. म्हणून ज्या स्थितीत सुई घालायची, त्याच स्थितीत, अंगावर मार्कर लावून नवा प्लॅनिंग स्कॅन घ्यावा. श्वासाचंही तसंच. घाबरलेल्या आजोबांना नुसतं “श्वास रोखा” म्हटलं की ते जोर लावून छाती भरतात, पुढच्या वेळी तेवढी भरत नाही, आणि फुप्फुसाच्या खालच्या लोबमधली (खालच्या भागातली) गाठ सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज सरकते. “आजोबा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि थांबा,” असा सराव आधीच करून घ्या. ही पाच मिनिटं कधीही वाया जात नाहीत.

सर्वात जवळचा मार्ग निवडण्याचा मोहही आवरा. तो फिशर (फुप्फुसाच्या दोन भागांमधली फट) किंवा एम्फिसीमाच्या (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याच्या आजाराच्या) फुग्यातून जात असेल, तर न्यूमोथोरॅक्सचा, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा, धोका वाढतो; थोडा लांबचा मार्ग परवडला. रक्तवाहिन्या बरगडीच्या खालच्या कडेने जातात, म्हणून सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून न्यावी. प्लुरापर्यंत (फुप्फुसावरच्या पातळ आवरणापर्यंत) भूल नीट पोहोचवा, नाहीतर पेशंट ऐन वेळी दचकतो. दिशा प्लुराच्या अलीकडेच स्कॅन करून तपासा आणि प्लुरा एकदाच भेदा. स्टायलेट (सुईच्या आतली सळई) काढल्यावर कॅन्युलाचं (बाहेरच्या पोकळ नळीचं) तोंड उघडं ठेवू नका, हवा रक्तात शिरू शकते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी अपॉइंटमेंट देतानाच करा. त्यातली क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) 1.5 च्या वर किंवा प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर आधी ते सुधारून घ्या.

मोठ्या गाठीच्या मधोमध अनेकदा मृत पेशीच मिळतात. कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध) घेणारी कड किंवा पेट स्कॅनवर उजळ दिसणारा भाग लक्ष्य धरा.

आपल्याकडे कॅन्सरसारखी दिसणारी गाठ टीबीची निघणं नवं नाही. तरी सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) टाकले जातात, आणि मग कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करता येत नाही. एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये, वेगळ्या डबीत, कल्चर आणि सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी) पाठवा. दोन्ही डब्या लेबल लावून आधीच ट्रॉलीवर ठेवा.