मुलाला घेऊन थीम पार्कला जाताय? आधी लाईनची तयारी करा

आधी एक हिशोब सांगते. एक राईड चालते दोन-तीन मिनिटं आणि तिच्यासाठीची लाईन गर्दीच्या दिवशी पाऊण तास, कधी तासाच्याही वर. म्हणजे दिवसभरात सात-आठ राईड झाल्या तरी प्रत्यक्ष राईडमध्ये बसलेला वेळ अर्धा ताससुद्धा भरत नाही, बाकी सगळा दिवस उभं राहण्यात, चालण्यात, टॉयलेट शोधण्यात जातो. हे लक्षात आल्यावर मी राईडची तयारी करायची सोडून लाईनची तयारी करायला लागले आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकाबरोबरची तीन दिवसांची ट्रिप त्यामुळेच छान झाली असं मला मनापासून वाटतं. आम्ही दोघंच होतो, मी आणि तो.

पहिलं काम घरीच करायचं, मुलाची उंची नीट मोजायची. मोठ्या राईडना उंचीची अट असते, बऱ्याच पार्कात १०२, ११२, १२२ सेंटीमीटर अशा पायऱ्या असतात आणि कुठल्या राईडला किती ते वेबसाईटवर दिलेलं असतं. ती यादी मुलाला शेजारी बसवून वाचा. कुठे बसता येणार आणि कुठे नाही हे त्याला घरीच कळलेलं बरं, तिथे तासभर उभं राहून मग कळलं की फार हिरमुसतात मुलं.

आम्ही यादी वाचूनही अडकलो. घरी सकाळी दाराला उभं करून मोजला तेव्हा तो बरोबर १२२ भरला होता, आणि पार्कमध्ये पहिल्याच दिवशी संध्याकाळी चारच्या सुमाराला मोठ्या रोलर कोस्टरच्या लाईनच्या तोंडाशी तिथल्या मुलीने पट्टी धरली तर पट्टी आणि डोकं यांच्यामधून उजेड दिसत होता. अगदी नखाएवढा. त्याने हळूच टाचा उचलल्या, तिने तितक्याच हळू त्याच्या खांद्यावर हात ठेवला, परत मोजलं आणि नाही म्हणून मान हलवली. तो रडला नाही, काही बोललाही नाही, फक्त टोपी घातली आणि डोळ्यांपर्यंत खाली ओढून घेतली. मला ते बघवलं नाही.

रात्री झोपताना डोक्यात आलं की आपण सकाळी जरा उंच असतो. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस साधारण एखाद्या सेंटीमीटरने कमी भरतो, रात्री आडवं झालं की परत जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी गेट उघडल्या उघडल्या आम्ही दुसरीकडे कुठेही न बघता थेट तिथेच गेलो. तीच पट्टी, केसांना टेकली, आत सोडलं. तर मूल अगदी काठावर असेल तर ती राईड सकाळी पहिली घ्या. पण बुटात कागद कोंबणं, जाड सोल घालणं, स्टाफशी वाद घालणं हे अजिबात करू नका. ती अट सीटच्या मापावरून ठरवलेली असते, समोरचा दांडा मांडीवर नीट बसतो की नाही, खांद्यावरचा पट्टा योग्य जागी येतो की नाही, त्यावरून. एक सेंटीमीटरने काय होतंय असं वाटतं पण तिथे हुज्जत घालून आपण मुलाला शिकवतो काय तेही बघायला हवं.

वेळेचं म्हणाल तर गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा, पहिला दीड तास सोन्यासारखा असतो, तेव्हा ज्या दोन राईड होतात त्याच दुपारी दोन वाजता तीन तास खातात. भर दुपारी एसीमधले शो बघा नाहीतर सरळ रूमवर जाऊन झोपा, ऊन उतरलं की परत या. बाहेर जाऊन परत आत यायचं असेल तर काय लागतं ते निघतानाच गेटवर विचारून घ्या.

आणि राईड त्याला निवडू द्या. आदल्या रात्री मी कागद दिला आणि म्हटलं तीनच लिही, त्या झाल्या की दिवस आपला, बाकी जे मिळेल ते वरचं. त्याने तीन लिहिल्या, त्यात एक साधी बंपर कार होती जी मी कधीच निवडली नसती. आपण तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात पोराला नुसतं पळवत राहतो आणि संध्याकाळी त्याला विचारलं काय आवडलं तर त्याला काही धड आठवत नाही.

आता लाईन. लाईनमध्ये शिरायच्या आधी टॉयलेट, नको म्हणाला तरी. पाण्याची बाटली भरलेली, काहीतरी कोरडं खायला, टोपी, सनस्क्रीन, ओलं व्हायच्या राईडसाठी झिपची पिशवी आणि एक जादा मोज्यांचा जोड, हा मोज्यांचा जोड विसरू नका कारण ओले मोजे घालून दिवसभर चाललं की पायाला फोड येतात आणि मग सगळंच बिघडतं. पॉवर बँक घ्या पण फोन बॅगेत ठेवा. मी नियमच केला होता, लाईनमध्ये फोन फक्त किती वेळ लागणार ते बघायला.

सुरुवातीची दहा मिनिटं कुरकुर होते. मग आपोआप बोलणं सुरू होतं. शाळेतून आल्यावर कसा गेला दिवस विचारलं की माझ्या पोराचं उत्तर एकच, नेहमीसारखा. पण लाईनमध्ये आम्ही शेजारी शेजारी उभे, दोघंही समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघतोय, आणि रेलिंगवर पायाने ठकठक करत तो मधेच म्हणाला, आई, तो आता माझ्या बाकावर बसत नाही. मला माहीत होतं कोण ते. माझ्या तोंडावर दहा प्रश्न आले आणि मी एकही विचारला नाही, फक्त हं म्हटलं, आणि लाईन चार पावलं पुढे सरकली आणि मग त्याने पुढचं सांगितलं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर हे कधीच बाहेर आलं नसतं. घरी भांडी पुसताना, गाडीतून जाताना असंच होतं ना, हातापायांना काहीतरी काम असलं आणि डोळ्यात डोळे नसले की मुलं बोलतात. तेव्हा लाईनमध्ये त्यांना सारखं रमवत बसू नका. थोडा कंटाळा येऊ द्या.

भीती वाटत असेल तर त्यालाही लाईनच कामाला येते. घाबरू नको, काही होत नाही असं म्हणून भीती जात नाही, ती जाते समोर काय चाललंय ते कळल्यावर. आम्ही खाली उभं राहून वर चढणारी गाडी बघत होतो आणि तो टक टक टक टक आवाज ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं काहीतरी तुटतंय. म्हटलं अरे तो तर गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्यांचा आवाज आहे, प्रत्येक टकला गाडी एक दात वर जाते आणि वर ओढणारी साखळी सुटली तरी तिथेच अडकून राहणार. एकदा वरून सुटली की पुढे इंजिन नाही, नुसत्या उंचीच्या जोरावर पळते, म्हणून या कोस्टरचा पुढचा प्रत्येक डोंगर पहिल्यापेक्षा बुटका दिसतो बघ. मग तो डोंगर मोजत बसला. चाकंही तीन बाजूंनी असतात, रुळाच्या वर, बाजूला आणि खाली, खालची चाकं गाडीला रूळ सोडून उडू देत नाहीत, ती युक्ती जॉन मिलर नावाच्या माणसाने शोधली आणि १९१९ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

गाडीला उलटं फिरवून आणणारा लूप अगदी गोल नसतो हे त्याला सगळ्यात आवडलं. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला अगदी गोल लूपचा कोस्टर होता आणि त्यात माणसांच्या मानेला जबर झटके बसायचे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जो लूप आला तो थेंबाच्या आकाराचा, वर अरुंद खाली पसरट, त्यामुळे आत शिरताना एकदम दणका बसत नाही. आजही लूप तसेच असतात. तो प्रत्येक लूपकडे बोट दाखवून थेंब, थेंब करत होता आणि त्या नादात आमचा नंबर कधी आला कळलं नाही.

तरीही ऐनवेळी नको म्हणाला तर नको. अशा वेळी बाहेर पडायला वाट असते, स्टाफला सांगितलं की दाखवतात, त्यांना याची सवय असते. पहिल्यांदा बसणाऱ्याला अगदी मागच्या रांगेत बसवू नका, उतारावर पुढचे डबे मागच्याला खेचून घेतात आणि मागे पोटात जास्त गोळा येतो. पुढे समोरचं सगळं दिसतं, पण काही मुलांना तेच नको असतं, मधली सीट बरी. खाऊन लगेच बसू नका, आणि मळमळायला लागलं तर डोळे मिटण्यापेक्षा लांब समोर एका जागी बघायला सांगा.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी चढावर मध्येच थांबली. पाच-सात मिनिटं असेल पण वर फार मोठी वाटतात. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एकच गाडी येऊ देतात, पुढची गाडी हलली नाही तर मागची आपोआप थांबते, हे मी त्याला आधी सांगितलेलं होतं म्हणून तोच मला म्हणाला, आई, पुढच्या गाडीतलं कोणीतरी उतरायला वेळ लावतंय. खरं कारण कोणी सांगितलं नाही. पण त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो थरथरत नव्हता.

चुकामूक होण्याची तयारी मात्र पक्की ठेवा. रोज सकाळी निघताना त्याचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यातला, घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटावर आतल्या बाजूला पेनाने फोन नंबर. आणि एकच सूचना, दहा नाही, हरवलास तर तिथेच थांब आणि छातीवर नावाची पट्टी असलेल्या माणसाला सांग.

तो बंपर कारमध्ये गेला तेव्हा मी बाहेर बाकावर बसले. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली मेरी-गो-राउंडवर बसलेल्या असताना वॉल्ट डिस्ने असाच बाकावर बसून असायचे आणि आई-बापांना मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा हवी असं त्यांना तिथे वाटलं, हे त्यांनीच सांगितलेलं आहे, आणि १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. पण मला तो बाकही आवडला. दर फेरीला तो मला शोधत होता, मी दिसले की लगेच तोंड फिरवून गाडी धडकवायला जात होता. अजून किती वर्षं शोधेल कोण जाणे. म्हणून सांगते, अशा वेळी फोन बघत बसू नका, तो मान वळवेल तेव्हा आपण बघत असलो पाहिजे.

खेळण्यांच्या दुकानात रोज भांडण नको असेल तर पहिल्याच दिवशी ठरलेली रक्कम त्याच्या हातात द्या, खरेदी शेवटच्या दिवशीच. आमच्याकडे पहिल्या दिवशीची तलवार तिसऱ्या दिवशी यादीतच नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी घाईने निघू नका. बंद व्हायच्या आधीच्या तासाभरात लहान मुलांची कुटुंबं परतलेली असतात, लाईन आखडतात, आणि बऱ्याच पार्कात बंद व्हायच्या वेळेआधी लाईनमध्ये शिरलेल्यांना राईड मिळते. आमचे पाय भरून आले होते. दोन राईड शिल्लक होत्या, एकीला दहा मिनिटं आणि उंचीची अट कमी असलेल्या दुसऱ्या एका कोस्टरला अजूनही पस्तीस. मी दहावाल्याकडे वळले तर तो म्हणाला आई कोस्टरला जाऊया, लाईन आहे तरी. पाणी भरून घेतलं, टॉयलेटला जाऊन आलो आणि उभे राहिलो. अर्ध्या वाटेवर रेलिंगला पाय लावून त्याने त्या मित्राचं पुढे काय झालं ते सांगितलं.