लिनक्स मिंटवर सॉफ्टवेअर कसं टाकायचं, मधेच लाईट गेली तर काय करायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून माझ्या ओळखीत जळगाव धुळ्यापासून पार शहाद्यापर्यंत जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी मिंट नाहीतर उबुंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकणारे वाढलेत. आणि टाकून झालं की पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ व्हीएलसीची (व्हिडिओ प्लेअरची) सेटअप फाईल कुठून घेऊ?

तर भो, सेटअप फाईल शोधायचीच नाही. गुगल करून कुठल्यातरी साईटवरच्या हिरव्या डाऊनलोड बटनावर क्लिक करायची सवय विंडोजबरोबरच सोडा. इथे जवळपास सगळं रिपॉझिटरीतून येतं, म्हणजे मिंट, उबुंटूवाल्यांनी सांभाळलेला पॅकेजेसचा (इन्स्टॉलसाठी तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरचा) साठा, आणि ॲप्ट नावाचा प्रोग्राम तिथून आणून बसवतो.

सोपा रस्ता: मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव शोधा, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या, झालं. फक्त एक बघा, काही सॉफ्टवेअर तिथे दोन प्रकारात दिसतं, सिस्टीम पॅकेज (वरच्या साठ्यातलं) आणि फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालेल असं वेगळं बांधलेलं). फ्लॅटपॅकमधे बऱ्याचदा नवीन व्हर्जन मिळतं पण पहिल्यांदा घेताना त्याच्याबरोबर शेकडो एमबीचा रनटाईम (ते चालायला लागणाऱ्या फाईलींचा संच) पण उतरतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा तिथेच संपायचा. म्हणून सिस्टीम पॅकेज असेल तर तेच घ्या.

पण मी टर्मिनलच (कमांड टाईप करायची खिडकी) सांगेन, कारण काही अडलं तर काय अडलं ते तिथे वाचता येतं. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाईप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरं वापरा, सुडो (पुढची कमांड ॲडमिन म्हणून चालवतं) म्हणजे एस यू डी ओ, ॲप्ट म्हणजे ए पी टी. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', याने सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, फक्त साठ्यातली यादी ताजी होते. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी'. पासवर्ड मागेल, मिंटवर टाईप करताना स्टार दिसतात, उबुंटूच्या जुन्या व्हर्जनमधे काहीच दिसत नाही, कीबोर्ड बिघडला असं समजू नका, टाईप करा आणि एंटर मारा.

पुढे लांबलचक नावांची यादी येते आणि लोक घाबरतात की मी तर एकच मागितलं होतं. त्या डिपेन्डन्सी, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला लागणारी बाकीची पॅकेजेस. भरताचं वांगं घ्यायला बाजारात गेलं की मिरची, लसूण, कांद्याची पात पण पिशवीत येतेच ना, तसंच. यादीखाली किती एमबी उतरणार ते लिहिलेलं असतं ते बघून वाय दाबा.

मराठी टायपिंगसाठी पॅकेजचं नाव आयबस, मग डॅश, मग एम१७एन. टाकल्यावर लॉगआऊट करून परत या, मिंटमधे इनपुट मेथडमधे आयबस निवडा आणि आयबसच्या सेटिंगमधे मराठी ॲड करा.

आता लाईट. डेस्कटॉपवर इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली की पॅकेज अर्धवट बसतं आणि नंतर काहीही टाकायला गेलं की एरर. फॉरमॅट मारू नका! 'सुडो डीपीकेजी', स्पेस, दोन डॅशला चिकटून 'कॉन्फिगर', स्पेस, एका डॅशला चिकटून 'ए'. अर्धवट राहिलेलं ते पूर्ण करतं. तरी कुरकुर केली तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे एक डॅश एफ. बहुतेक वेळा एवढ्यात निघतं.

'लॉक मिळत नाही' अशी एरर वेगळी, तेव्हा सहसा मागे अपडेट मॅनेजर चालू असतो, थोडं थांबा. लॉकची फाईल डिलीट करा असं सांगणारे व्हिडिओ बरेच आहेत, ऐकू नका.

गावी नेट नसेल तर शहरातल्या मशीनवर 'सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल', एक डॅश डी आणि पॅकेजचं नाव द्या, फक्त डाऊनलोड होईल, इन्स्टॉल नाही. फाईली व्हार फोल्डरमधल्या कॅशे, त्यातल्या ॲप्ट, त्यातल्या आर्काइव्ह्जमधे सापडतील. पेनड्राइव्हवर घ्या, गावच्या मशीनवर पेनड्राइव्हवरच्या त्या फाईलींच्या फोल्डरमधून टर्मिनल उघडा आणि 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल', स्पेस, डॉट, स्लॅश, स्टार, डॉट, डेब, शेवटच्या पाचांमधे स्पेस नाही. दोन्हीकडे मिंटचं व्हर्जन एकच पाहिजे, आणि शहरातल्या मशीनवर जे आधीच बसलेलं असेल ते या फाईलींत येणार नाही, म्हणून दोन्ही मशीन ताज्या इन्स्टॉल केलेल्या असल्या तर उत्तम.

काढायचं असेल तर 'सुडो ॲप्ट रिमूव्ह' आणि नाव, मग उरलेल्या डिपेन्डन्सीसाठी 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह'. इथे मात्र वाय दाबायच्या आधी यादी नीट वाचा, त्यात सिनॅमनचं (मिंटच्या डेस्कटॉपचं) नाव दिसलं तर एन दाबा, नाहीतर तुमचा डेस्कटॉपच जाईल.