मराठी पुस्तकं संदर्भसूचीत कशी बसवावीत

पेपर लिहून झालाय, आता फक्त संदर्भसूची 'लावायची' राहिलीय, असं कुणी म्हणालं की मी त्याला हाताशी तीन दिवस ठेवायला सांगते. इंग्रजी संदर्भ एका दुपारीत उरकतात. उरलेला सगळा वेळ मराठी पुस्तकं खातात, आणि नेमकं त्याबद्दल कोणी काही सांगत नाही. 'सॉफ्टवेअर करतं सगळं' एवढंच ऐकायला मिळतं.

जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचा आणि त्याच जर्नलमधला अलीकडचा एक लेख शेजारी उघडा ठेवा. सूचनांत एक आणि छापलेल्या लेखात दुसरंच दिसलं तर मी छापलेलं प्रमाण मानते. संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धती असतात: वैद्यकाला बहुधा व्हँकूव्हर लागते, इंजिनिअरिंगला आयट्रिपलई. समाजशास्त्र, शिक्षण, मानसशास्त्र या विषयांत बहुतेकदा एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत असते, म्हणून पुढचं सगळं तिला धरून लिहितेय. तिची सातवी आवृत्ती २०१९ साली आली. तरीही कॉलेजांत फिरणाऱ्या झेरॉक्स सहावीच्याच असतात. सातवीत प्रकाशकाचं गाव लिहायचं नाही. तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि 'व इतर'.

संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकावरचा क्रमांक) असेल तर कांडीच्या चिन्हावर क्लिक करून तो आकडा टाका, हाताने टाइप करत बसू नका. वर्ड फाइलमध्ये संदर्भ घालायचं बटण आपोआप येतं. इथपर्यंत कोणालाही जमतं.

आता नावं. माझ्या पहिल्या पेपरच्या सूचीत पु. ल. देशपांडे 'लक्ष्मण, डी. पी.' म्हणून अवतरले होते. कॅटलॉगात 'देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण' असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलेलं होतं. मी ते तसंच उचललं, आणि सॉफ्टवेअरने शेवटचा शब्द आडनाव समजून बाकीची आद्याक्षरं केली. परीक्षकाने समासात फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते मला आजही दिसतं. तेव्हापासून नियम एकच: मराठी पुस्तकाची नोंद आयात झाली तरी आडनावाचा रकाना आणि नावाचा रकाना मी स्वतः उघडून बघते. दर वेळी, प्रत्येक पुस्तकाला.

डॉ., प्रा., न्या., कै. यांना रकान्यात जागा नाही. लोकमान्य, महर्षी यांनाही नाही. टिळक हे 'टिळक, बी. जी.' असेच जातील, कुणाला कितीही वाईट वाटलं तरी. आडनाव नसलेल्यांचं उलट आहे. तुकाराम, ज्ञानेश्वर, कुसुमाग्रज, ग्रेस यांना दोन रकान्यांत कोंबायचं नाही. झोटेरोत नावाशेजारचं छोटं बटण दाबलं की दोन रकान्यांचा एक होतो, तिथे लिहा. टोपणनावाच्या जागी खरं नाव घालायचा मोह आवरा. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच व्यक्ती, पण शीर्षकपानावर जे नाव असेल तेच सूचीत येतं. मी पुढे चौकोनी कंसात दुसरं नाव देते. संपादकांना नको असेल तर ते काढतात.

लेख इंग्रजी असेल तर नावं रोमन लिपीत न्यावी लागतात, आणि खरा घोळ इथे होतो. मोठ्या परदेशी ग्रंथालयांच्या कॅटलॉगात देशपांडे हे आडनाव डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई असं सापडतं. एसवर तिरकी रेघ, दुसऱ्या एवर आडवी, एन आणि दुसऱ्या डीखाली टिंब. ग्रंथपालांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. पण दुसरं पुस्तक तुम्ही नेहमीच्या एस-एच वापरून लिहिलंत की सूचीत दोन देशपांडे तयार होतात. लेखक इंग्रजीत स्वतःचं नाव जसं लिहितात तसंच घ्या. ते ठाऊक नसेल तर रूढ स्पेलिंग घ्या आणि शेवटपर्यंत बदलू नका. टिंबं-रेघा पुस्तकाच्या नावापुरत्या ठेवल्या तरी चालतात. त्या नावापुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ द्या.

निनावी लेखाला लेखक चिकटवू नका. 'केसरी'तला १८८० च्या दशकातला प्रत्येक अग्रलेख टिळकांच्या नावावर टाकलेला मी पाहिलाय. १८८१ मध्ये पत्र सुरू झालं तेव्हा संपादक आगरकर होते, आणि ते १८८७ पर्यंत होते. सही नसेल तर लेखकाच्या जागी लेखाचं शीर्षक येतं.

सालाचा त्रास त्याखालोखाल. जुन्या पुस्तकात शीर्षकपानाच्या मागे 'पहिली आवृत्ती, गुढीपाडवा, शके १८५५' असं असतं. सगळीकडे सरसकट ७८ मिळवून मोकळं व्हायचं नाही. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पुढे फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे वरचं पुस्तक १९३३ चं, पण त्याच शकातल्या मकरसंक्रांतीला निघालेलं १९३४ चं. नुसता शक असेल आणि महिना नसेल तर मी १९३३-३४ लिहिते, अंदाजाने एक साल निवडत नाही. पुनर्मुद्रणाला आवृत्ती म्हणू नका. हातातली प्रत २०१० ची आणि मूळ पुस्तक १९३३ चं असेल तर मजकुरात १९३३/२०१०, सूचीत २०१०, आणि नोंदीच्या शेवटी मूळ साल कंसात. दिवाळी अंकाला खंड-अंक शोधत बसू नका. एपीए सालापुढे ऋतू चालवून घेते, मग '२०१८, दिवाळी' का नको? माझ्या बाबतीत आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

लेखच मराठी असेल तर सूची अकारविल्हे लावायचं काम वर्डवर सोपवू नका. कॉम्प्युटरच्या लेखी क्ष हे क चं जोडाक्षर, त्यामुळे क्षीरसागर थेट कुलकर्ण्यांच्या शेजारी जाऊन बसतात. वर्णमालेप्रमाणे त्यांची जागा शेवटी आहे. ज्ञ चंही तेच.

शेवटी छापील प्रत आणि पेन्सिल घ्या. मजकुरातल्या संदर्भाच्या प्रत्येक कंसासाठी सूचीत एक बरोबरची खूण. ज्या नोंदीला खूण नाही ती काढून टाका. ज्या कंसाला नोंद नाही तो बहुधा तुम्ही दुसऱ्याच्या पेपरमधून उचललेला असतो, तेव्हा मूळ पुस्तक शोधा. पाठवायच्या प्रतीत झोटेरोचे दुवे तोडा, म्हणजे संदर्भ साधा मजकूर होतील, पण दुवे असलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. दुसऱ्या फेरीत परीक्षक हमखास तीन नवे संदर्भ घालायला सांगतात, आणि त्यातला एक त्यांचा स्वतःचा असतो.