गावकीने वाळीत टाकलं तर काय करायचं

शिमग्याला पालखी वाडीतल्या सगळ्या घरी गेली, आमच्या दारावरून मात्र सरळ पुढे. आईने ओटीचं सामान काढून ठेवलेलं, ते तसंच राहिलं. गावकीच्या मीटिंगमध्ये आमच्यावर दंड बसवला होता आणि आम्ही तो भरला नाही, एवढंच कारण. रायगड-रत्नागिरीत हे भोगलेली आमच्यासारखी बरीच घरं आहेत म्हणून लिहितोय.

आधी हे पक्कं समजून घ्या की हा 'गावचा अंतर्गत मामला' नाही, गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. लग्नाला-मयताला येऊ न देणं, देवळात किंवा स्मशानात अडवणं, व्यवहार तोडायला लावणं, सगळं त्यात येतं, आणि टाकणारे आपल्याच जातीचे असले तरी येतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खरी अडचण पुराव्याची. वाळीत टाकलं असं कोणी कागदावर देत नाही, सगळं तोंडी चालतं, म्हणून आजच एक वही करा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं. दुकानदार म्हणाला 'तुम्हाला माल देऊ नको सांगितलंय', तर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. दंडाची पावती ठेवा, ग्रुपवरच्या मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट नको, मेसेज आलेला फोनच जपा. मुंबईच्या चाकरमान्यांना फोन जातात की वाळीत टाकलेल्या घरी गणपतीला जाऊ नका, त्यांना साक्षीला विचारा, त्यांना रोज गावात राहायचं नसतं म्हणून ते जास्त मोकळं बोलतात. आणि माफीनाम्यावर सही अजिबात करू नका.

पोलीस ठाण्यात 'आपसात मिटवा' ऐकायला मिळेल. लेखी तक्रार द्या, त्यात कायद्याचं नाव घाला, गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. जामीन मिळतो, त्यामुळे लगेच आत जातील असं धरून चालू नका. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. एफआयआर घेतलाच नाही तर एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) पोस्टाने अर्ज, तरी नाही तर मॅजिस्ट्रेट. तुम्ही एससी-एसटी असाल आणि समोरचे नसतील तर अॅट्रॉसिटी कायदाही लावायला सांगा, तिथे तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) करतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरला फोन करा, महिला, एससी-एसटी आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आमची तक्रार आईच्या नावाने आहे, आणि वहीतली पहिली नोंद तिच्याच अक्षरात, त्या पालखीची.