केनियाला निघालेल्या आपल्या माणसांसाठी

आमच्या गुहागरातली दोन घरं यंदा केनियाला निघालीत, म्हणून लिहितेय. माझा भाऊ तिथल्या किनाऱ्यावरच्या मोंबासा शहरात असतो. त्याच्याकडे मी तीन महिने राहून आलेय.

आधी कागद. व्हिसाऐवजी २०२४पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावा लागतो. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, तीही सरकारमान्य केंद्रातच घ्या. तिचं कार्ड जपा, परत येताना आपल्याच विमानतळावर विचारतात. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. लाडू-चिवडा डब्यांतून न्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅगना तिथे २०१७पासून बंदी आहे.

आता घड्याळ. हे नीट वाचा. स्वाहिलीत, म्हणजे तिकडच्या भाषेत, तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या पंचांगातल्या घटकांसारखे. विषुववृत्तावर सूर्य बारा महिने सहाच्या सुमारास उगवतो, म्हणून सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. शेजारच्या आजी मला ‘सा न्ने’ला बाजारात जाऊ म्हणाल्या. न्ने म्हणजे चार. मी दुपारी चारला पिशवी घेऊन दारात उभी, आणि त्या सकाळी दहालाच माझी वाट बघून गेलेल्या. फार वाईट वाटलं. सहा तास मिळवायचे, विसरू नका.

नैरोबीहून मोंबासाला विमानाने जाऊ नका, दिवसाची रेल्वे घ्या. ती त्सावोच्या जंगलातून जाते. तिथले हत्ती लाल दिसतात, कारण तिथली लाल माती ते अंगावर उडवून घेतात. थेट आपल्या मातीचा रंग! मसाई मारा अभयारण्य बघाच, पण सगळे दिवस तिथेच घालवू नका.

मोठ्या माणसांना ‘जांबो’ (म्हणजे हॅलो) नको, ‘शिकामो’ म्हणा. धाकट्याने थोरल्याला नमस्कार करावा तसं ते आहे. बाजार चुकला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या आजींकडे गेले आणि शिकामो म्हटलं. ‘मराहाबा’ म्हणत त्यांनी मला आत घेतलं. त्या ठेंगण्या लाकडी बैठकीवर बसल्या होत्या, पुढे दातेरी पातं, हातात नारळाची वाटी. आपली खवणीच! तिला तिकडे ‘म्बुझी’ म्हणतात, म्हणजे बकरी. खवलेलं खोबरं पिळून दाट रस वेगळा, पातळ वेगळा. त्यात तुरीचे दाणे शिजवायचे. सोबत वेलदोड्याच्या वासाची, टम्म फुगलेली महाम्री, म्हणजे तिकडची तळलेली गोडसर पुरी. ही तिकडची न्याहारी. मोंबासातल्या फोर्ट जीझस किल्ल्याजवळच्या जुन्या शहरात सकाळी लवकर जाऊन खा.

उरलेली वाटी आजींनी माझ्या हातात दिली आणि बैठकीवरून उठून मला जागा करून दिली.