विश्वासार्ह दिनविशेष कसा तयार करावा

शाळेच्या फलकावर, वाचनालयाच्या दर्शनी भागात किंवा संस्थेच्या मासिकात दिनविशेष लिहिणे हे काम आपल्याकडे हौसेने केले जाते आणि ते वाचलेही जाते. मुलांच्या मनात इतिहासाची पहिली नोंद बहुधा अशा फलकावरूनच होते, म्हणून त्यावरील प्रत्येक ओळीची जबाबदारी पाठ्यपुस्तकातील ओळीइतकीच मोठी मानली पाहिजे. आयत्या याद्यांमधून चार ओळी उतरवून घेतल्या की फलक भरतो. पण त्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि एकीतील चूक दहा ठिकाणी पोहोचते. स्वतः पडताळून दिनविशेष तयार करण्याची पद्धत पुढे देत आहे.

सुरुवात तारखांची एक वही करून करावी. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान द्यावे आणि प्रत्येक घटनेसमोर चार गोष्टी लिहाव्यात: घटना नेमकी काय, ती कोठे घडली, ती कोणत्या कालगणनेत नोंदली गेली आणि ही माहिती आपण कोठून घेतली. चौथा रकाना रिकामा राहत असेल, तर ती घटना फलकावर नेऊ नये. वही एका वर्षात भरत नाही आणि भरण्याची घाईही करू नये.

घटना मिळाली की पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ही तारीख घटनेची आहे की घटनेच्या बातमीची. वृत्तपत्रातील मजकूर बहुतेक वेळा आदल्या दिवसाचा असतो, आणि तारायंत्राच्या आधीच्या काळात बातमी पोहोचायला आठवडे लागत. कायद्यांच्या बाबतीत तर एकाच गोष्टीला दोन-तीन तारखा असतात. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्याला राजाची संमती २८ ऑगस्ट १८३३ रोजी मिळाली, परंतु तो अमलात आला १ ऑगस्ट १८३४ रोजी. भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने स्वीकारली. नागरिकत्वासारखी काही कलमे त्याच दिवशी लागू झाली आणि उरलेली २६ जानेवारी १९५० पासून. यातील कोणतीही तारीख चुकीची नाही, मात्र ओळीत ‘स्वीकारली’ की ‘अमलात आली’ हे क्रियापद नेमके असले पाहिजे.

जन्मतारखांबाबत अधिक सावध राहावे. महाराष्ट्रात आजही हजारो लोकांच्या कागदोपत्री जन्मतारखा १ जून अशा सापडतात, कारण शाळेत नाव घालताना पालकांना तारीख सांगता येत नसे आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन शाळेच्या वर्षारंभाला सोयीची तारीख दाखल्यावर टाकत. एखाद्या ग्रामीण कार्यकर्त्याची किंवा कलावंताची जन्मतारीख १ जून दिसली, तर कुटुंबातील आठवण, पत्रिका किंवा समकालीन नोंद यांचा दुजोरा मिळाल्यावरच ती वहीत घ्यावी.

यानंतर घटनेचे घड्याळ पाहावे. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचे यान चंद्रावर उतरले तो दिवस जगभर २० जुलै १९६९ म्हणून सांगितला जातो, परंतु त्या क्षणी भारतात २१ जुलैच्या पहाटेचे पावणेदोन वाजून गेले होते आणि आर्मस्ट्राँग यांनी पाऊल ठेवले तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ होत आले होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याची तारीख हवाईमध्ये ७ डिसेंबर १९४१, तर जपानमध्ये ८ डिसेंबर. अशा ठिकाणी घटना जेथे घडली तेथील तारीख धरावी, चंद्राच्या बाबतीत रूढ तारीख ठेवावी आणि जागा असल्यास भारतीय वेळ त्याच ओळीत द्यावी.

मराठी दिनविशेषातील खरा अवघड भाग आहे जुन्या कालगणनेचा, आणि तो सर्वांत रंजकही आहे. आपल्या सतराव्या-अठराव्या शतकातील कागदांवर शके, महिना, पक्ष, तिथी आणि वार असतो. शकाचे इसवी सन काढताना चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथींना ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ मध्ये ज्येष्ठात झाला, म्हणून १६७४. पानिपतची लढाई शके १६८२ मध्ये पौष शुद्ध अष्टमीला झाली, तो दिवस जानेवारीत येतो, म्हणून १७६१. वद्य पक्षातील तिथी असेल तर कागद कोठला आहे हेही पाहावे लागते, कारण आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेत पौर्णिमेला. आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र कृष्ण तृतीया होते. तिथीवरून नेमका दिवस काढण्यासाठी मात्र बेरीज-वजाबाकी पुरत नाही. त्यासाठी जुनी जंत्री, म्हणजे तिथी-वारांसमोर इंग्रजी तारखा देणारे कोष्टकांचे पुस्तक उघडावे, जे मोठ्या ग्रंथालयांत सहज पाहायला मिळते.

जंत्रीतून दिवस मिळाला तरी इंग्रजी तारीख कोणत्या पद्धतीची हा प्रश्न उरतो. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारलेली दिनदर्शिका पोर्तुगीजांनी लगेच स्वीकारली, तर इंग्रजांनी थेट १७५२ मध्ये, जेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर आला. त्यामुळे संपूर्ण सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीज पत्रावरील तारीख सुरत किंवा मुंबईच्या इंग्रज वखारीतील त्याच दिवशीच्या पत्राहून दहा दिवस पुढे असते. शिवाय इंग्रजांचे जुने वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते २४ मार्च या काळातील त्यांच्या पत्रांवर आपल्या हिशेबाने एक वर्ष मागचे सालही आढळते. शिवकालाच्या रूढ इंग्रजी तारखा या जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

इथे वार अत्यंत उपयोगी पडतो आणि मला तो पडताळणीचा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील शकवार घटनांच्या यादीत, शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी आहे. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख याच नोंदीवरून निघते. आता संगणकावरील दिनदर्शिका मागे नेत १९ फेब्रुवारी १६३० चा वार पाहिला तर मंगळवार दिसतो. यावरून शकावली चुकली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संगणक आजचीच ग्रेगोरियन पद्धत मागे ताणतो. तारीख ज्युलियन आहे, म्हणून तिच्यात दहा दिवस मिळवायचे, ते १ मार्च १६३० येतात आणि त्या दिवशी बरोबर शुक्रवार आहे. साधनातील वार आणि गणिताने आलेला वार जुळला, की तारखेवर भरवसा ठेवता येतो. न जुळल्यास तिथी, महिना, अधिक मास किंवा पद्धत यांपैकी काहीतरी पुन्हा तपासायला हवे.

याच शकावलीतील राज्याभिषेकाची नोंद आणखी एक गोष्ट शिकवते. तिच्यात ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार दिला आहे आणि तीन घटिका रात्र उरली असता राजे सिंहासनी बसले असे म्हटले आहे. आपण मात्र ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी असे लिहितो आणि त्या दिवशी गणिताने शनिवार येतो. दोन्हींत विरोध नाही. एक घटिका चोवीस मिनिटांची. तीन घटिका रात्र उरली म्हणजे सूर्योदयाला सव्वा तासाच्या आसपास अवकाश होता. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून शकावलीकाराच्या लेखी अजून शुक्रवार चालू होता. इंग्रजी दिवस मध्यरात्रीच बदलून शनिवार झाला होता. रायगडावरील त्या पहाटेची वेळ शकावलीकाराने घटिकांसह टिपून ठेवली म्हणूनच आज आपल्याला हा उलगडा होतो, आणि अशा नोंदकर्त्यांविषयी कृतज्ञता वाटल्यावाचून राहत नाही. हिजरी तारखा असलेल्या फार्सी कागदांत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. तेथे संध्याकाळनंतरच्या घटनेत एका दिवसाचा फरक पडू शकतो.

सणांशी जोडलेल्या आठवणीही अशाच तपासाव्यात. पानिपतची लढाई १४ जानेवारीला झाली आणि आज संक्रांत बहुधा १४ जानेवारीला येते, यावरून लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे अनेकदा लिहिले जाते. संक्रांत मात्र इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. सुमारे साठ-सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. म्हणजे १७६१ मध्ये ती लढाईच्या सुमारे चार दिवस आधी होऊन गेली होती. फलकावर ‘पौष शुद्ध अष्टमी, बुधवार’ एवढे लिहावे. ते पुरेसे आहे आणि खरे आहे.

एका तारखेखाली दोन घटना आल्या म्हणून त्या एकाच दिवशी घडल्या असेही नसते. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस हे दोघे २३ एप्रिल १६१६ रोजी वारले असे सांगण्याची पद्धत आहे. स्पेनमध्ये तेव्हा नवी दिनदर्शिका होती आणि इंग्लंडमध्ये जुनी. शेक्सपिअरचा मृत्यू स्पेनच्या हिशेबाने ३ मे रोजी झाला. शिवाय सर्व्हांटिसचे निधन २२ तारखेला होऊन २३ ला दफनविधी झाला, असे अभ्यासक मानतात.

तारीख नक्की झाली की घटनांमधील नाते पाहावे, कारण काही तारखा योगायोगाने जुळतात आणि काही मुद्दाम जुळवलेल्या असतात. प्रजासत्ताकासाठी २६ जानेवारी निवडली गेली ती १९३० मधील त्याच दिवसाच्या पूर्ण स्वराज्य दिनामुळे. डॉ. आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षेसाठी १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस घेतला तो अशोक विजयादशमीचा होता. म्हणून तो सोहळा दसऱ्याला होतो आणि १४ ऑक्टोबरलाही स्मरण केले जाते. दिनविशेषात हे कारण एका वाक्यात सांगितले, तर वाचणाऱ्याला तारीख लक्षात राहते.

१ ऑगस्टचे पान यासाठी नमुना म्हणून घ्यावे. १९२० मध्ये या तारखेला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच दिवशी गांधीजींनी आधीच जाहीर केलेले असहकाराचे आंदोलन सुरू झाले आणि त्यांनी कैसर-ए-हिंद पदक परत करणारे पत्र व्हाइसरॉयला लिहिले. त्याच दिवशी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावला अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. या तिन्ही घटना खरोखर एकाच दिवसाच्या आहेत, पण त्यांचे जुळणे हा योगायोग आहे. असहकाराचा दिवस टिळकांच्या मृत्यूमुळे ठरला असे सुचेल अशी वाक्यरचना टाळावी. महाराष्ट्रात १ ऑगस्टला महसूल दिन असतो तो महसुली वर्ष या दिवशी सुरू होते म्हणून, हेही त्याच पानावर यावे. ‘आजच्या सांगली जिल्ह्यातील’ यातील ‘आजच्या’ हा शब्द गाळू नये, कारण १९२० मध्ये सांगली हा जिल्हा नव्हता.

ओळ लिहिताना ‘पहिला’, ‘पहिली’ हे शब्द सर्वांत जास्त तपासावेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ही भारतातील पहिली सार्वजनिक प्रवासी रेल्वे होय. ‘पहिली रेल्वे’ असे मोघम लिहिले तर चूक होते. मद्रासजवळ दगड वाहून नेण्यासाठी आणि रुडकीजवळ कालव्याच्या बांधकामासाठी त्याआधीच रुळांवरून गाड्या धावल्या होत्या. एक विशेषण घातल्याने ओळ लांबते, पण ती खोडून काढता येत नाही.

एका दिवसासाठी चार-पाच घटना पुरेत. त्यांत एक तरी आपल्या गावाची किंवा तालुक्याची असावी, एक विज्ञानाची असावी आणि जन्म-मृत्यूंनी सारी जागा व्यापू नये. ‘थोर समाजसुधारक’ यासारख्या विशेषणांऐवजी त्या व्यक्तीने केलेली एक गोष्ट लिहावी. तिथीने साजरे होणारे दिवस दरवर्षी पंचांग पाहून वेगळ्या पानावर काढावेत, म्हणजे मागच्या वर्षीची तारीख चुकून पुन्हा फलकावर जाणार नाही.

वहीत २९ फेब्रुवारीचेही पान असू द्यावे. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नसल्याने ती तारीख पुन्हा उगवायला १९०४ साल यावे लागले. साध्या वर्षी या पानावरील नोंदी २८ फेब्रुवारीच्या फलकावर शेवटी घ्याव्यात आणि त्यांच्यापुढे मूळ तारीख स्पष्ट लिहावी.