शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवायला घेताय? सुरुवात अशी करा

"तुम्ही कॉलेजला खेळायचात ना, मग आमच्या पोरांना शिकवा की" असं शाळेतलं किंवा सोसायटीतलं कोणीतरी म्हणतं आणि आपण हो म्हणून बसतो, बहुतेकांचं कोचिंग असंच सुरू होतं. काही हरकत नाही. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून बघायची, तासाभरात प्रत्येक पोराच्या हाताला बॉल किती वेळा लागला. बाकी सगळं नंतर.

आपल्याकडे साधारण चित्र म्हणजे सिमेंटचं कोर्ट, वीसेक पोरं आणि चार-पाच बॉल. अशात एकच रांग लावून एकेकाला शॉट मारायला लावलं तर प्रत्येकाला तासात जेमतेम पाच-सहा शॉट मिळतात आणि उरलेला वेळ रांगेत ढकलाढकली. त्यापेक्षा चार-चार, पाच-पाचचे गट करा, प्रत्येक गटाला एक बॉल, एक गट रिंगखाली, एक पासिंगला, एक ड्रिबलला (बॉल जमिनीवर आपटत नेणं), आणि सात-आठ मिनिटांनी गट फिरवा. शेवटची वीस मिनिटं हाफ कोर्टवर तीन विरुद्ध तीन मॅच, आणि ती रोज. पाच विरुद्ध पाच खेळवलं की दोन उंच पोरंच बॉल धरून ठेवतात, तीन-तीनमध्ये कोणालाच लपायला जागा नसते. टोकियो ऑलिम्पिकपासून तर थ्री बाय थ्री हा ऑलिम्पिकचाच खेळ झालाय, त्यामुळे 'सर, खरी मॅच कधी' म्हणणाऱ्यांना तेच सांगा.

बॉलचा नंबर बघून घ्या. दहा-अकरा वर्षांपर्यंत ५ नंबर, पुढे मुलींना ६, मोठ्या मुलांना ७. बारा-तेराच्या मुलांनी सरावाला ६ नंबर वापरला तर काहीही बिघडत नाही. रिंग ३.०५ मीटरवर असते, मिनी बास्केटबॉलला २.६० मीटर, पण शाळेत खाली-वर होणारा पोल सहसा नसतोच, मग लहान पोरं ७ नंबरचा जड बॉल खांद्यावरून भिरकावून तिथपर्यंत पोचवतात आणि ती सवय नंतर मोडता मोडत नाही.

आधी शिकवायचं काय? सगळ्यांना शूटिंगची घाई असते, मी म्हणेन आधी थांबायला शिकवा. पळत येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबणं म्हणजे जंप स्टॉप, मग एक पाय जागेवर रोवून दुसरा फिरवणं म्हणजे पिव्होट. नवीन पोरांच्या हातून बॉल जातो तो जास्त करून ट्रॅव्हलिंगमुळे (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकणं) किंवा घाबरून दिलेल्या पासमुळे, आणि हे दोन्ही थांबता न आल्याने होतं. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं यावर घालवा.

लेअप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळ उडी मारून टाकायचा शॉट, उलट्या क्रमाने शिकवा. उजव्या हाताचा असेल तर रिंगजवळ उभं करून आधी फक्त डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर आणि बॉल बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला लावायचा. ते जमलं की एक पाऊल मागे, मग उजवा-डावा, आणि ड्रिबल सगळ्यात शेवटी. पूर्ण लेअप एकदम दाखवला की पोरं पाय मोजत बसतात आणि रिंग कुठे आहे तेच विसरतात. डाव्या हाताचा लेअप पण याच महिन्यात सुरू करा, कितीही वाईट दिसला तरी.

डिफेन्स मॅन टू मॅनच, म्हणजे प्रत्येकाने समोरच्या आपापल्या खेळाडूला अडवायचं. चौदा वर्षांखालच्या गटात २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन, प्रत्येकाने आपली जागा राखायची) लावून मॅच जिंकता येते हे खरंय, कारण समोरच्यांना लांबून शॉट बसत नाही, पण मग तुमचं पोर दोन वर्षं एका जागी हात वर करून उभं राहतं आणि सतरा वर्षांखालच्या गटात गेल्यावर त्याला कोणालाच अडवता येत नाही. मला ही अदलाबदल अजिबात मान्य नाही.

सिमेंट उन्हात तापतं म्हणून सराव सकाळी लवकर नाहीतर पाचनंतर, पाणी दर पंधरा मिनिटांनी, मागितलं नाही तरी. पावसाळ्यात ओल्या कोर्टवर पळवू नका, व्हरांड्यात बॉल हँडलिंग घ्या. घोटा मुरगळला तर बर्फ लावा, पाय उंच ठेवा, तेल लावून चोळू देऊ नका, आणि पाय टेकवत नसेल तर सरळ डॉक्टरकडे न्या.

पालकांची मीटिंग सीझनच्या आधीच घ्या. दहावीच्या क्रीडा गुणांचा प्रश्न येणारच, तेव्हा स्पष्ट सांगा की गुणांचे नियम ठरलेले आहेत, ते नीट वाचा, नुसतं टीममध्ये नाव असून चालत नाही. आणि मॅच चालू असताना बाहेरून ओरडून सूचना द्यायच्या नाहीत हेही त्याच दिवशी सांगा.

जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धेत पहिल्यांदा टीम उतरवाल तेव्हा कोणाला कधी आत घ्यायचं ते आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा, मॅचच्या गडबडीत बेंचच्या टोकाला बसलेली पोरं हमखास राहून जातात. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, म्हणून फाउल मोजायला बेंचवरच्याच एखाद्या पोराला बसवा, त्याचंही लक्ष राहतं. टाइमआउट एका मिनिटाचा असतो, त्यात पोरं येऊन पाणी पिईपर्यंत निम्मा संपतो. एकच गोष्ट सांगा, "रिबाउंडला आपापला माणूस अडवा" एवढीच (रिबाउंड म्हणजे शॉट हुकून परत आलेला बॉल), आणि सोडा.